फोनात जागा नव्हती

"बाबा, हा फोन फुल्ल आहे. काहीतरी डिलीट करा लागते," शबाना बोलली.

"काहून? एवढं काय भरलं तुह्या अ‍ॅपमंधी?"

आमी अमरावतीच्या एका कंपनीत बसलो होतो. शबाना तिथं अ‍ॅप बनवणारी, मले मानानं बाबा म्हणे. मी वरूडचा, संत्रातोडीच्या बायायचा मुकादम. त्या सालात बागा वाळून राहिल्या होत्या. तोड कोणत्या गावात आहे तेच कळे नाही, बाया घरी बसत. म्हणून हे अ‍ॅप. बागवाला बोलून काम टाकन, बाया ऐकून हो म्हणतीन. वाचाचं काम नाही. धंदा समजावून सांगाले मले ठेवलं होतं. शाळा माही चौथी.

अँड्रॉइड अन् आयफोन, फोनाच्या दोन जाती. नेटिव्ह म्हणजे दोघायसाठी दोन वेगळे अ‍ॅप बनवा. क्रॉस-प्लॅटफॉर्म म्हणजे एकदाच लिहा, दोन्हीत चालवा. कंपनीच्या साहेबाले एकदाच लिहाचं होतं. बागवाल्यायच्या पोरायजवळ आयफोन होते ना!

"मंग तसंच करा. भानगड काय?" मी विचारलं.

"दोन्ही फोनात चालाले लागते ते सारं सामान, ते अ‍ॅप शिदोरीसारखं संगं घेऊन फिरते, बाबा. म्हणून मोठं होते."

तपासाले स्वस्तातला जुना फोन पाह्यजे होता. मी कमलाचा नेला होता. माही बायको. पोळ्याच्या दिवशी वारली. फोन मी अजून चार्ज करतो. त्यात तिचे आवाज आहेत, बायायले धाडलेले, मले धाडलेले.

साहेब बोलले, "हे जुने मेसेज काढून टाका ना."

"नाही काढत."

"अहो काका, कॉपी करून देतो."

"आवाजाची कॉपी होते?" मले खरंच माहीत नव्हतं.

शबानानं केली अन् कम्प्युटरवर लावून पाह्यली. कमलाचा आवाज आला: "अवो, भाकर झाकून ठेवली हाये. मांजरीकडे ध्यान ठेवा."

मी म्हटलं, "आणखी एकदा लाव." तिनं लावलं.

मंग ती साहेबाकडे वळली. "बाबाची कॉपी झाली, सर. बाकीच्या बायायच्या फोनात नातवायचे फोटो असतीन, भजनं असतीन. त्यायची कॉपी कोण करून देईन? लहान, नेटिव्हच बनवू, आधी अँड्रॉइडचं."

"अन् आयफोनवाले बोंबलले तर?"

"बोंबलू द्या," मी बोललो. "त्यायले माहा नंबर द्या."

साहेब दोन दिवस फुगून होते. मंग नेटिव्ह ठरलं, आधी फक्त अँड्रॉइडचं. कमलाच्या फोनात ते काही न काढता बसलं. बायायनंही घेतलं, तोडीवर गेल्या. आयफोनवाले अजून मलेच फोन करतात, तेही मी चहा घेत असतो तवा.

कोणाच्या फोनात जागा मागाची असन, तर थोडकीच मागा. तिथं आधीपासून कोणी राह्यत असते.