आईची बर्लिनवारी

काल कामावरून परतताना गाडीत शेजारच्या बाईंच्या अंगाला बामचा वास येत होता, आणि आई आठवली. एकदा माझ्या भावाकडे अमेरिकेला निघालेली आई मी राहते त्या बर्लिनमध्ये विमान बदलणार होती. मधल्या काही तासांसाठी तिने खास व्हिसा काढला, मी रजा टाकली. तिला ब्रँडनबुर्ग गेट दाखवायचं, नदीत बोटीतून फिरवायचं, सगळं ठरवून ठेवलं होतं. शहराभोवती गोल फिरणाऱ्या रिंगबान या लोकल गाडीत आम्ही बसलो. बाहेर भुरभुर पाऊस, आत हीटरची ऊब. "जरा टेकते गं," म्हणत तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि तिला लगेच झोप लागली. रात्रभर विमानात बसून तिचे पाय सुजले होते. आमचं स्टेशन आलं, पण तिला उठवायचा माझा धीर होईना. गाडी शहराला वळसा घालून पुन्हा तिथेच आली, तरी मी हलले नाही. विमानाची वेळ जवळ आली, तेव्हाच तिला उठवलं. विमानतळावर तिने भावाला फोन लावला. "अरे, अख्खं बर्लिन फिरवलं हिने, आणि पायी म्हणून चालू दिलं नाही!" काल त्याच गाडीत माझेही डोळे मिटत होते. पण स्टेशन आलं, आणि माझं मलाच उठावं लागलं.