मुदत नसलेली सुट्टी

मंगळवारी सकाळी डाळ शिजत होती, तेवढ्यात नसीमच्या मुलाचा फोन आला. "मौशी, अम्मी गई..." एवढंच म्हणाला. मी गॅस बंद केला आणि आधी मनात काय आलं, तर उद्या बुधवार, आणि हिचा अर्ज माझ्याकडं तसाच पडलाय.

महिना उलटला त्या फोनला. अर्ज कसला ते सांगायचं, तर माझं तरुणपणचं शहाणपण उघडं पाडावं लागेल. पालिकेच्या कचेरीत मी रजांचं टेबल सांभाळायचे. घट्ट वेणी, इस्त्रीची साडी, आणि नियमांचा तोरा असा, की जणू मीच त्यांना जन्म दिलाय. सुट्टीच्या दिवशी काम केलं की बदली सुट्टी मिळे, पण ती ठरल्या मुदतीत घ्यायची, नाहीतर बुडाली. समोरच्या टेबलावरची नसीम एका रविवारी चिकलठाण्याला पोलिओच्या बूथवर उन्हात बसली होती. बाकी रजा संपलेल्या, म्हणून ती एक सुट्टी तिनं जपली... करमाडला आईच्या डोळ्यांची पट्टी सुटायची होती, त्या दिवसासाठी. ऑपरेशन लांबलं, मुदत दोन दिवसांनी हुकली. मी लाल शाईनं 'नामंजूर' लिहिलं आणि वर ठसक्यात म्हणाले, "नियम म्हणजे नियम, नसीमबाई."

"मी उन्हात बसले तेव्हा तुझा नियम कुठं झोपला होता गे?"

पट्टी सुटल्यावर अम्मीला पहिल्यांदा शेजारीण दिसली.

नसीमनं बोलणंच टाकलं. पुढं निवडणुकीच्या कामाची माझी स्वतःची बदली सुट्टी मीच मुदतीत घ्यायला विसरले. माझ्याच अर्जावर मी लाल शेरा मारताना नसीमनं पाहिलं, आणि ती एवढी हसली की साहेब केबिनबाहेर आले. दुपारी तिनं डबा माझ्यापुढं सरकवला. "खा, कायद्याची अम्मा." माफी मागायची माझी राहिली ती राहिलीच.

निवृत्तीनंतर कळलं, की आजीला रविवारीच जास्त काम. सगळे घरी, सगळ्यांना भूक. मग आम्ही एकमेकींकडं लेखी अर्ज करून बुधवारी बदली सुट्टी घेऊ लागलो. बसनं शहागंजात जायचं, ती मटणाचा नान-खलिया खायची, मी नुसता नान आणि घरून नेलेली चटणी. जुन्या फॉर्मच्या पाठीवर तिनं आमचे नियम लिहिले. पहिलाच नियम: 'या सुट्टीला मुदत नाही.' लिहिताना माझ्याकडं बघत होती, लबाड!

शेवटचा अर्ज तिनं, ती गेली त्याच्या अकरा दिवस आधी, शुक्रवारी आणून दिला. 'गुडघे कुरकुरतात, तरी करमाडला अम्मीचं घर बघून यायचंय. मंजूर करणाऱ्या बाईंनीही सोबत यावं.' मी म्हणाले, "या बुधवारी नाही गं, नातीची परीक्षा आहे. पुढच्या बुधवारी." इतक्या वर्षांनी तीच सुट्टी, तेच करमाड, आणि नाही म्हणणारीही तीच...

सून म्हणते, तुम्ही तरी जाऊन या. जाईन. पण दर बुधवारी मी पत्र्याच्या डब्यातून तो अर्ज काढते, लाल पेनचं टोपण उघडते आणि थांबते. मंजूर केली की सुट्टी वापरली जाते, हे रजेच्या टेबलावरच्या बाईला कोणी सांगायला नको. टोपण लावते, अर्ज परत डब्यात ठेवते. मुदत नाही, हा तिचाच नियम.