आमच्या ह्यांचं नाक आणि वेलदोडे

आमचे हे वेलदोड्याच्या गोदामाचं नाक. पगारपत्रकावर 'तपासनीस' लिहिलंय, पण काम एकच: नमुन्यातला वेलदोडा नखाने फोडायचा, हुंगायचा आणि 'एक नंबर', 'दोन नंबर' किंवा 'परत पाठवा' म्हणायचं. अठ्ठावीस वर्षं हुंगून त्यांनी घर चालवलं, हे मला मान्य आहे. मी विसरू नये म्हणून ते रोज आठवणही करून देतात.

वेलदोडा म्हणजे त्यांच्या मते सगळ्या दुखण्यांवरचं उत्तर. जेवण जड झालं, दोन दाणे चघळा. तोंडाला वास येतोय, चघळा. जळजळ, मळमळ, खोकला, तरीही चघळा. चहात घाला, दुधात घाला, भातात सालासकट टाका, आणि उरलेली सालं साखरेच्या डब्यात ठेवा. माझा गुडघा दुखायला लागला तेव्हाही त्यांनी पुडी पुढे केली. गुडघ्याने चघळायचं कसं, ते मात्र सांगितलं नाही.

गेल्या वर्षी त्यांना मोठा ताप येऊन गेला. नंतर एका सकाळी दूध करपून काळं ठिक्कर पडलं आणि हे शेजारी बसून शांतपणे पेपर वाचत होते. मी धावत येऊन गॅस बंद केला. "तापलं का गं दूध?" त्यांनी विचारलं. मी काय ते समजले आणि पातेलं घासायला घेतलं. नाकावर माशी बसू न देणाऱ्या माणसाला नाकच गेलंय हे कसं सांगायचं?

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. दुसऱ्याच दिवसापासून नमुन्यांच्या पुड्या घरी यायला लागल्या. 'खरा वास गरम दुधातच कळतो' हे ह्यांचं नवं शास्त्र. मी दूध उकळायचे, वेलदोडा टाकायचे, वाटी हुंगायचे आणि आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणायचे, "हा बरा आहे," किंवा "हा उंदरांनाही देऊ नये." सकाळी गोदामात तोच निकाल लागायचा, फक्त भारदस्त आवाजात. मालक इतके खूश झाले की सगळ्याच तपासनिसांनी नमुने दुधात तपासावेत असा हुकूम निघाला. मी आपली वाट्या घासत होते.

मग मागच्या आठवड्यात मला सर्दी झाली. त्याच दिवशी परदेशी जायच्या मालाच्या तीन पुड्या आल्या. ह्यांनी आलं-वेलदोड्याचा काढा पाजला. घसा शेकला, नाक ढिम्म. तिन्ही वाट्या पुढ्यात घेऊन मी बसले. एक शब्द चुकला असता तर अठ्ठावीस वर्षांची अब्रू पाण्यात गेली असती.

"मला आज काही कळत नाहीये," मी म्हणाले.

"मलाही नाही," ते म्हणाले. "वर्ष झालं."

"माहीत आहे मला."

"तुला माहीत आहे, हे मलाही माहीत होतं."

दुसऱ्या दिवशी ते मालकांना म्हणाले, "माल चार दिवस थांबवा, बायकोला सर्दी झाली आहे." मालकांना आधी काही उमगेना, तेव्हा ह्यांनी सगळं सांगून टाकलं. मालकांनी ह्यांना पोती भरण्याच्या देखरेखीवर बसवलं आणि मला निरोप धाडला, बऱ्या झालात की या.

सोमवारी मी त्यांच्या खुर्चीत बसले. पहिला वेलदोडा त्यांनीच फोडला, सवयीने स्वतःच्या नाकाशी नेला आणि मग माझ्या हातात दिला.

"एक नंबर," मी म्हणाले.

"नंबर नको," ते हळूच म्हणाले. "वास कसा येतोय, तेवढं सांग."

मी वेलदोडा पुन्हा नाकाशी धरला. "आपला साखरेचा डबा उघडल्यासारखा," मी म्हणाले.