सासऱ्यांनी आणि मी बदललेलं इंजिन

लग्नाला अठरा वर्षं झाली तरी माझं आणि सासऱ्यांचं बोलणं फारसं पुढे सरकलं नव्हतं. मी समोर आलो की ते खुर्ची मोकळी करून देत, पावसापाण्याचं विचारत, आणि मग आम्ही दोघंही गप्प. मी त्यांना मामा म्हणतो. ते मला 'सर' म्हणत, कारण मी बीडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये अख्खी नोकरी फिटर म्हणून काढलेला हा माणूस जावयापुढे इतक्या अदबीनं वागायचा, की त्यांच्या मनात काय आहे ते मला बायकोकडूनच कळायचं.

सासूबाई गेल्यापासून ते दिवाळीला तेलगावहून आमच्याकडे येतात. त्या वर्षी भाऊबीज झाल्यावर आम्ही तिघं आमची जुनी डिझेल जीप घेऊन कपिलधारला गेलो. दर्शन झालं, धबधब्याखाली पाय भिजवून झाले. परत निघालो आणि दरीतून वर येणारा चढ लागला. मामा माझ्या शेजारी बसले होते. थोडं वर आल्यावर ते म्हणाले, "सर, जरा थांबून च्या घेऊ का?"

मी म्हणालो, आता घरी जाऊनच घेऊ. पुन्हा थोड्या वेळानं त्यांनी पाय मोकळे करावेसे वाटतायत म्हणून सांगितलं. मी म्हटलं, मामा, अर्ध्या तासात पोचतोच. पुढच्या वळणावर बॉनेटमधून वाफ उसळली, खालून दगड दळल्यासारखा आवाज आला आणि गाडी जागेवर थांबली. रेडिएटरचा पाइप फाटून सगळं पाणी कधीच निघून गेलं होतं. एका ट्रॅक्टरवाल्यानं दोर बांधून आम्हाला बीडपर्यंत ओढत आणलं.

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी गॅरेज आहे. तिथल्या मिस्त्रीनं पहार घालून इंजिन फिरवून पाहिलं. ते हललं नाही. ब्लॉकलाच तडा गेला होता. तो म्हणाला, हे दुरुस्त करण्यात अर्थ नाही. अपघातातल्या गाडीचं असंच एक चांगलं इंजिन मिळतंय, ते आणून बसवून देतो, चार दिवस लागतील. त्याचं म्हणणं वाजवी होतं आणि त्यानं सांगितलेले पैसेही वाजवी होते. तरी मी म्हणालो, इंजिन तेवढं आणून द्या, बसवतो मी घरीच.

असं का म्हणालो, हे मला आजही नीट सांगता येत नाही. वीस वर्षं मी फळ्यावर इंजिनाचे चार स्ट्रोक काढत आलोय. खडूनं दट्ट्या काढायचा, झडपा काढायच्या, बाण दाखवायचे. पण उघडलेलं इंजिन मी कधी हातात धरलं नव्हतं. शाळा उघडायला अजून बारा दिवस होते. मिस्त्री हसला नाही. अडलं तर फोन करा, एवढंच म्हणाला आणि गाडी ढकलत आमच्या अंगणात आणायला हात लावला. बायको मात्र बोलली, की गाडीचा भंगारवाला आधीच शोधून ठेवते.

मामांची परतीची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. सकाळी उठून पाहतो तर पिशवी आत गेलेली, आणि अंगणात जीपच्या डोक्यावर तीन लोखंडी पायांची उंच तिपाई उभी. बोअरमधली मोटार वर ओढायला वापरतात ती. चेनपुलीही लावलेली. शेजारच्या गल्लीतल्या बोअरवाल्याकडून त्यांनी पहाटेच मागून आणली होती.

"वजन लई आसतंय सर," ते म्हणाले, "म्हणून म्हटलं, आसू द्यावी."

आम्ही कामाला लागलो. पाणी, ऑइल काढलं, बॅटरी सोडवली, बॉनेट उतरवलं. मी पुस्तकी माणसं करतात तसं सगळं वहीत लिहीत होतो. मामा मला पाना द्यायचे, पण कुठला बोल्ट आधी सोडायचा ते सांगायचे नाहीत. मी चुकीचा पाना मागितला की तोही द्यायचे, आणि बरोबरचा हळूच माझ्या गुडघ्यापाशी ठेवायचे. बोल्ट ते चिंध्यांत वेगवेगळे बांधून बायकोच्या डब्यांत ठेवत. तिचे पापडाचे, चिवड्याचे सगळे डबे गेले. तिसऱ्या दिवशी तिनं हात टेकले आणि स्वतःच चिठ्ठ्या लिहून डब्यांवर चिकटवू लागली.

चौथ्या दिवशी जुनं इंजिन बाहेर आलं. साखळीला लटकलेलं ते काळं धूड पाहून मला फार बरं वाटलं. मी त्याचं हेड उघडून घेतलं आणि मामांना शोषण, संपीडन, सगळं समजावून सांगितलं. आयुष्यभर इंजिनं उघडलेला माणूस, पण पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐकत राहिला. शेवटी म्हणाले, "आमी पिस्टनच म्हणायचो. पण दट्ट्या ब्येस नाव हाय."

मिस्त्रीनं आणून दिलेलं नवं इंजिन आत सोडलं त्या दिवशी अडलं. इंजिन गिअरबॉक्सला जाऊन भिडायला हवं होतं, पण मध्ये दोन बोटं फट राहायची. हलवून पाहिलं, वर-खाली करून पाहिलं. दोन तास गेले. मग मला सुचलं, की लांब बोल्ट घालून आवळत गेलं तर इंजिन आपोआप ओढलं जाईल. मी दोन बोल्ट घातले आणि पाना जोर लावून फिरवायला लागलो.

"थांब बे!"

मी थांबलो. मामांनी माझ्या हातातून पाना ओढूनच घेतला होता.

"बोल्टानं वढायलास व्हय? बोल्ट बसतोय त्यो कान तुटंल गिअरबॉक्सचा. क्लच प्लेट मधोमध न्हाई बसलेली. कालच बाभळीची खुंटी तासून तुझ्यापुढं ठिवली, ती कावून ठिवली आसंल, इचारलंस का?"

खुंटी मी पाहिली होती. मला वाटलं, रिकामपणी काहीतरी तासत बसलेत. तीच क्लचच्या भोकात घालून प्लेट मधोमध धरायची असते, हे मला आत्ता कळत होतं.

बायको दारात येऊन उभी राहिली. मामांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. त्यांनी पाना खाली ठेवला, टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "चुकलं सर. तोंडातून गेलं."

मी तिथेच चाकाला टेकून खाली बसलो आणि मला हसू आलं. खरं सांगतो, इतका हलका मी कित्येक दिवसांत झालो नव्हतो. मी म्हणालो, "मामा, हे चार दिवस आधी बोलला असता तर चार दिवस वाचले असते."

बायकोनं चहा आणला. तो पिताना मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "कपिलधारच्या चढावर इंजिनच्या गरमीचा काटा वर गेलता. मी बघितलता. दोनदा थांबा म्हणलो."

"तुम्ही चहा घेऊ म्हणालात."

"मंग जावयाला कसं म्हणायचं, काट्याकडं बघ म्हणून?"

त्यानंतर मात्र ते मोकळे झाले. इंजिन पुन्हा वर उचललं, खुंटी घालून प्लेट मधोमध बसवली, खुंटी काढली, आणि या वेळी इंजिन हातानं ढकलल्यावर आत गेलं. पुढचे तीन दिवस मी 'तू' होतो. पाना असा धर, डोळे फुटलेत का, पुसून घे आधी. शाळेतल्या माझ्या मुलांना मी असं बोललो असतो तर पालक आले असते.

सगळं जोडून झालं आणि चावी फिरवली तर नुसती टक्क. तीनदा तेच. मामांनाही कळेना. शेवटी मिस्त्रीला फोन केला. तो मोटारसायकलवर आला, वाकून पाहिलं, इंजिनापासून चेसिसला जाणारी अर्थिंगची वायर लावायची राहिली होती. त्यानं ती लावली, डिझेलमधली हवा काढली आणि गाडी सुरू झाली. आधी पांढरा धूर, मग नीट आवाज. पैसे घ्यायला तो तयार नव्हता. कुणाकडून शिकलात, असं त्यानं मामांना विचारलं आणि दोघं बराच वेळ तिपाईखाली बोलत बसले.

नऊ दिवस लागले. मिस्त्रीनं चार दिवसांत केलं असतं, आणि ऑइलचा जो एक थेंब आता रोज फरशीवर पडतो तोही पडला नसता. कुणी विचारलं तर मी गॅरेजलाच द्या म्हणून सांगतो. पण मी ते पुन्हा करीन, हेही तितकंच खरं.

मामा तेलगावला गेले. पूर्वी त्यांचा फोन बायकोला यायचा. परवा मला आला. म्हणाले, शेजाऱ्याच्या विहिरीवरचं डिझेल इंजिन उघडलंय, एकट्याला उचलत नाही, रविवारी येतोस का. मी शनिवारी शाळा सुटल्यावर अंगावर जुना शर्ट चढवला आणि निघालो.