गल्लीचा पहिला कायदा

गिरणीचा भोंगा वाजला नाही, म्हणून त्या दिवशी सगळी गल्लीच उशिरा उठली. तीस सालचा मे महिना होता. शहरात गोळीबार झाला होता, चिडलेल्या जमावाने पोलिसांवर हात टाकला होता आणि आता चौक्या ओस पडल्या होत्या. साहेब लोक रेल्वे स्टेशनाकडे जाऊन बसलेत, असं जो तो सांगत होता. शेजारच्या विणकरांचे माग बंद होते. सोलापुरात इतकी शांतता मी आधी कधी ऐकली नव्हती. भरदुपारी स्वतःच्याच पावलांचा आवाज ऐकून दचकायला व्हायचं.

मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती. आई-वडील प्लेगात गेल्यापासून घरात मी आणि दादा, दोघंच. दादा वकिलीची परीक्षा देऊन पुण्याहून परतला होता. सनद अजून मिळायची होती, तरी गल्ली त्याला वकीलच म्हणायची.

"दादा, सरकार गेलं म्हणजे आता काय?" चहा देताना मी विचारलं.

"राजा नाही ते प्रजासत्ताक. लोकांच्या मताने चालते ती लोकशाही."

"म्हणजे एकच की."

"एकच नाही गं. राजा गेला म्हणून लोकांना कुणी विचारेलच असं नाही. आणि लोकांना विचारलं म्हणून न्यायच होईल, असंही नाही."

चहा निवला तरी तो बोलतच होता. डोळ्यांत चमक होती. पुस्तकात वाचलेलं दारात येऊन उभं राहिल्यावर माणसाला व्हावा तसा आनंद त्याला झाला होता.

त्याच दुपारी गल्लीतल्या तालमीमागे शिपाई सापडला. तो आमच्याच गल्लीत टोकाच्या खोलीत राहायचा. गणवेश टाकून, धोतर नेसून तो जळणाच्या ढिगाआड बसला होता. पोरांनी त्याला ओढत मारुतीच्या पारावर आणलं. मी बाहेर आले तोवर अख्खी गल्ली जमली होती. त्याच्या कपाळावरून रक्त ओघळत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

गिरणीतला एक मुकादम पारावर चढला. त्याचा पुतण्या गोळीबारात गेला होता. दोन दिवस तो माणूस जेवला नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"सरकार पळालं," तो म्हणाला, "आता आपुनच सरकार. ह्याचं काय करायचं ते आपुन ठरवू. ज्याला वाटतं ह्याला सोडू नये, त्यानं हात वर करा."

हात वर झाले. बायकांचेही झाले. ज्या हातांनी मला संक्रांतीला तिळगूळ दिला होता, ते हात मी ओळखले. कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. उन्हात नुसते हात उभे होते. गर्दीच्या कडेला शिपायाची बायको उभी होती. ती वेळापूरकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. ती त्या हातांकडे असं बघत होती, की जणू पारावरच्या पिंपळालाच ते फुटलेत.

दादा पुढे झाला. "थांबा. असं करता येत नाही. कायदा आहे."

"कुटला कायदा?" मुकादम म्हणाला. "त्यांचाच न्हवं? त्योच कायदा दावून माझ्या पुतण्याला गोळी घातली की."

दादा सावकाश पारावर चढला, शिपायाच्या आणि मुकादमाच्या मधे उभा राहिला.

"बरोबर आहे तुमचं. त्यांचा कायदा गेला. मग आपला करू. आत्ता, इथंच. पहिला कायदा असा, की माणसाचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याला शिक्षा नाही. आज याला लागू, उद्या तुम्हाला, परवा मला. मंजूर असेल त्यांनी हात वर करा."

मग इथे एक, तिथे एक हात उठला. मीही वर केला.

"मंजूर," दादा म्हणाला. लगेच म्हणाला. मग शिपायाकडे वळला, "बोला."

शिपायाने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. शेवटी त्याची बायकोच पुढे आली.

"त्येंच्याकडं बंदूक नव्हती वो. लाठी हुती. ती टाकून घरी पळून आले. विचारा मला, मीच दार उघडलं. भ्यालेला मानूस हाय त्यो, वंगाळ न्हाय."

मुकादम पारावरून उतरला आणि निघून गेला. तो गेल्यावर गर्दी आपोआप पांगली. शिपायाला तालमीच्या खोलीत ठेवलं. त्याची बायको त्याला तिथे भाकरी नेऊन द्यायची.

मग पलटण आली. मार्शल लॉ पुकारला गेला. डोक्यावर पांढरी गांधी टोपी दिसली तरी धरून नेऊ लागले. एका सकाळी पलटणीतल्या सोजिरांनी गल्लीतल्या सगळ्या पुरुषांना रांगेत उभं केलं. सोबत तोच शिपाई होता, पुन्हा गणवेशात. गोऱ्या अधिकाऱ्याने दुभाष्याकरवी त्याला विचारलं, "पारावर सभा भरली तेव्हा अध्यक्ष कोण होता?"

रांगेत मुकादमही होता. शिपाई त्याच्यासमोरून पुढे गेला आणि दादापाशी थांबला. त्याने बोट वर केलं नाही, नुसता उभा राहिला. तेवढं पुरलं.

दादाला नेताना मी शिपायाला काय काय बोलले, ते मला आठवत नाही. दादाचं वाक्य मात्र आठवतं. "त्याला बोलू नकोस. अध्यक्ष मीच होतो."

खटला असा झालाच नाही. दादाला एक शब्दही बोलू दिला नाही. वर्ष उलटल्यावर तो सुटून आला तेव्हा अर्धा झाला होता. सनद मिळाली नाही. घरी मुलांना इंग्रजी शिकवायला लागला.

शाळा सुरू झाल्यावर मला एक नवाच त्रास सुरू झाला. प्रश्न विचारला की मुली हात वर करायच्या, आणि माझ्या तळव्यांना घाम फुटायचा. मी त्यांना सांगितलं, उत्तर येत असेल तर उभ्या राहा. कारण त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आजतागायत माझ्या वर्गात हात वर होत नाहीत.

दोन-तीन वर्षांनी शिपायाची बायको आमच्या दारात आली. त्याने नोकरी सोडली होती आणि दोघं टेंभुर्णीजवळ तिच्या भावाच्या मळ्यावर राहत होती. ती आत येईना, उंबऱ्याबाहेरच बसली.

"वकीलसायब, एकदा येऊन जावा की. त्येंचं लई बिघडलंय. जेवता जेवता उठत्यात अन् शिवाराकडं तोंड करून मोजत बसत्यात. कनसं मोजत्यात, का मानसं, का आनि काय, समजत न्हाय. म्हनत्यात, वकिलाला इचारायचंय."

मला वाटलं, दादा नाही म्हणेल. तो पायात चपला घालून तिच्याबरोबर निघाला. दुसऱ्या दिवशी दुपारी सर्व्हिस मोटारीने परत आला. हातपाय धुतले आणि ताटावर बसला, पण घास घेईना.

"काय विचारलं त्याने?" मी म्हणाले.

"'त्या दिवशी पारावर माझ्या बाजूने किती हात होते?' म्हणाला. रोज आठवून आठवून मोजतो, पण दर वेळी कमीच भरतात, म्हणाला."

"मग तू काय सांगितलंस?"

"खरं ते सांगितलं. मी मोजलेच नव्हते. मोजायची हिंमत झाली नाही."

ताटातली आमटी गार होत होती.

"मग दादा, तो कायदा झाला होता की नव्हता?"

"त्यानेही हेच विचारलं," दादा म्हणाला, आणि ताट बाजूला सारून उठला.