भरतीच्या वेळी दाखवायचं घर

पडदा वर जातो तेव्हा समोर तिसऱ्या मजल्यावरचा रिकामा दिवाणखाना आहे. सकाळचे दहा वाजलेत. पश्चिमेला भिंतभर काच. पलीकडे समुद्र आहे, पण दिसत नाही, कारण काचेवर मिठाचा चिकट थर बसलाय. डाव्या कोपऱ्यात छतापासून कमरेपर्यंत काळी बुरशी उतरली आहे. मधोमध एक झुरळ उताणं मरून पडलंय. बाहेरून कुलूप तीन-चारदा खटखटतं, गंजलेली किल्ली फिरते आणि एक बुटकी, रुंद बांध्याची बाई आत येते. एका हातात बादली, दुसऱ्या हातात किल्ल्यांचा भलामोठा जुडगा, काखेत जुनी वर्तमानपत्रं.

ती आधी झुरळाला चपलेच्या टोकाने बाल्कनीतून खाली पाठवते. मग सगळे नळ सोडते. पहिल्यांदा चहाच्या रंगाचं पाणी येतं. ते स्वच्छ होईपर्यंत ती बुरशीवर पांढरा रंग मारते. रंगाचा छोटा डबा बादलीतच असतो. कठड्यावरची पक्ष्यांची वाळलेली घाण उलथन्याने खरवडते. लोखंडी जाळीचे पापुद्रे हाताने सोलते, कांद्याची साल सोलावी तसे. लिंबाची फोड मोरीत पिळते. काच पुसते आणि समुद्र एकदम खोलीत येतो. शेवटी मागची खिडकी, स्वयंपाकघरातली, घट्ट लावून घेते. कमरेच्या पिशवीतून एक निळी चोपडी काढते. बंदराच्या कचेरीत मिळते ती. कोणत्या दिवशी किती वाजता भरती, किती वाजता ओहोटी, हे त्यात छापलेलं असतं. कोळी लोक ती होडीत ठेवतात. ही किल्लीबाई कमरेला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी पूर्ण भरती. बरोबर अकरा वाजून दहा मिनिटांनी गिऱ्हाइकाने बेल वाजवली.

ते गिऱ्हाईक मी. सात वर्षांपूर्वीची गोष्ट.

उभा जन्म माझा रंगमंचावर गेला. दिवा कुठून सोडला की पन्नाशीची नटी विशीची दिसते, हे मला कोणी शिकवायला नको. तरी मी त्या काचेसमोर उभा राहिलो आणि माझ्या तोंडून "वा" एवढंच निघालं. किल्लीबाई मागे उभी राहून हळू आवाजात फायदे सांगत होती. इथे रजई लागत नाही. कपडे दोन तासांत वाळतात. छाती मोकळी राहते. पाहुणे आनंदाने येतात. सूर्य तर काय, वर्षाचे तीनशे दिवस दारात. मी त्याच दिवशी शब्द देऊन टाकला.

सामान आलं त्या दिवशी संध्याकाळी पाच-सव्वापाचला मी स्वयंपाकघराची खिडकी उघडली, आणि हातातली पिशवी टाकून नाक दाबलं.

इमारतीच्या मागे अख्ख्या वस्तीच्या गटाराचं तोंड आहे. भरतीला ते पाण्याखाली असतं. ओहोटीला उघडं पडतं. काळा, तेलकट, गुडघाभर चिखल. त्यात पिशव्या, लहान मुलांचे लंगोट, फुगलेलं एखादं कुत्रं, आणि त्यावर चोची मारणारे ते पांढरेशुभ्र पक्षी, ज्यांचं चित्र या शहराच्या प्रत्येक पोस्टकार्डावर असतं. वास नाकात शिरत नाही, जिभेवर बसतो. त्यात दुपारभर तापलेली काच. खोली भट्टीसारखी, आणि खिडकी उघडावी तर हे.

मी तरातरा खाली गेलो. किल्लीबाई मागच्या गल्लीत एका खोलीत राहायची. दारातच कांदा चिरत बसली होती.

"वास येतोय," मी म्हणालो.

"ओहोटी आहे."

"रोज येतो?"

"दिवसातून दोनदा. बाकी वेळ नाही येत." तिने मान वर केली नाही. "मागची खिडकी लावा, पुढची उघडा. आणि लोकरीचं काही असेल तर आजच विकून टाका. इथे त्याला केस फुटतात."

तिचं खरं होतं. दुसऱ्या वर्षी मी ट्रंक उघडली तेव्हा माझ्या राजाच्या भूमिकेतल्या मखमली अंगरख्यावर हिरवी लव उगवली होती आणि जरीची किनार काळी ठिक्कर पडली होती. ज्या अंगरख्यात मी नऊशे वेळा मेलो, तो उचलला तर हाताला शेवाळासारखा लागला. मी तो दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकला आणि साबणाने हात धुतले. रडायला हवं होतं, पण आधी किळसच आली.

भांडण करायला गेलेला मी हळूहळू तिचा शेजारी झालो. ती चहाला वर यायची, पुढच्या खिडकीशी बसायची आणि शहराला शिव्या घालायची. एकोणीस वर्षांची असताना लग्न होऊन ती इथे आली. नवरा मासळीच्या धक्क्यावर बर्फाच्या कारखान्यात होता. मिठाने आणि बर्फाने त्याची बोटं कायम फाटलेली असायची. तो छातीच्या दुखण्याने लवकर गेला. मग तिने या इमारतीचा जिना झाडायचं काम धरलं. निम्मे मालक बाहेरगावचे, वर्षातून महिनाभर येणारे. ते जाताना तिच्याकडे किल्ली ठेवायचे, म्हणजे अधूनमधून खिडक्या उघडून बुरशी थोपवता येईल. एका किल्लीच्या अकरा झाल्या, अकराच्या चाळीस. मग लोक विचारायला लागले, एखादं रिकामं आहे का हो? आणि जिना झाडणारी बाई घरं विकू लागली.

"लोक उन्हासाठी येतात," ती म्हणायची. "ऊन काय खायचंय? ते पडदे खातं, दाराचा रंग खातं, माणसाचा चेहरा खातं. राहिलेलं मीठ खातं."

"आणि पाहुणे आनंदाने येतात," मी आठवण करून द्यायचो.

"येतात की. दहा वर्षं ज्यांनी खुशाली विचारली नाही ते पोहायचे कपडे घेऊन येतात. जाताना मोरीत वाळू आणि उशीवर तेलाचे डाग."

लिफ्टचं बटण ती कोपराने दाबायची. सुट्टीवरची माणसं अंगाला तेलं चोपडून त्याला बोट लावतात म्हणून. किनाऱ्याच्या भिंतीजवळून जाताना श्वास रोखायची. दिवसभर आइस्क्रीम खाल्लेली मंडळी त्या भिंतीचा उपयोग कशासाठी करतात ते सगळ्यांना माहीत होतं. मीही तिच्याबरोबर नाकाला रुमाल लावून चालायचो. आम्ही दोघं मिळून या शहराचा असा तिटकारा करायचो की एखाद्याला वाटावं, यांना इथे कोणी डांबून ठेवलंय.

गेल्या हिवाळ्यात ती चहाला आली आणि चहाला तोंडच लावेना.

"दादा येतोय," ती म्हणाली. "तुमच्या खालचा मजला बघायला."

दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ. वडील गेले तेव्हा तो सतरा वर्षांचा, ही सहा. शाळा सोडून तो कातडी कमावण्याच्या कारखान्यात लागला, हिला वाढवलं, हिचं लग्न करून दिलं. स्वतःच्या हाताने बांधलेल्या दोन खोल्यांत, दूर डोंगरातल्या थंड गावी, तो आता एकटा राहत होता. थंडीने गुडघे धरले होते. सकाळी खाटेवरून उठायला अर्धा तास लागायचा. डॉक्टर म्हणाले, उबदार जागी जा. त्याने गावच्या घराला गिऱ्हाईक पाहून ठेवलं होतं. इथलं घर पसंत पडलं की परत जाऊन सही करायची. आणि ते घर एकदा गेलं की म्हाताऱ्याला परतायला जागा उरणार नव्हती.

"मग सांगा त्यांना खरं काय ते," मी म्हणालो.

"काय सांगू? तुझी बहीण वास लपवून घरं विकते? तो गावभर सांगत सुटलाय, माझ्या बारकीने शहरात शब्दावर नाव कमावलं म्हणून." तिने कप बाजूला सारला. "माझ्या तोंडून नाही निघायचं. घरच सांगेल. मी ओहोटीला दाखवते."

आणि जाताना दारातून म्हणाली, "नटसाहेब, तुम्हीही या. जरा नाक मुरडा. तेवढं तर जमेल ना?"

चोपडीत बघून तिने दुपारचे साडेतीन ठरवले. या वेळी बादली नाही, रंगाचा डबा नाही. दोन दिवस सगळ्या खिडक्या बंद ठेवल्या होत्या. आम्ही दार उघडलं तेव्हा आतून जी वाफ आली तिने माझे डोळे चुरचुरले. मोरीत कुणाच्या तरी केसांचा गोळा. भिंतीवर ओली बुरशी. कठडा पक्ष्यांनी पार माखलेला. किल्लीबाईने स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडली आणि एका बाजूला उभी राहिली.

दादा उंच, वाकलेला माणूस. त्या उकाड्यातही अंगात लोकरीचा कोट, हातात काठी. तो आत आला, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाला, "वा."

मी रुमाल काढला. नाक मुरडलं, खोकलो, भिंतीला हात टेकून जरा डुललोही. शेवटच्या रांगेपर्यंत पोचावं असं काम केलं.

"यांना सर्दी आहे का?" दादाने विचारलं.

"नाटकात होते," किल्लीबाई म्हणाली.

"अच्छा. मग असू दे."

तो बाल्कनीत गेला. कोपऱ्यात एक फुटकी बादली होती, ती पालथी घालून तिच्यावर बसला, पॅन्टचे पाय वर केले आणि दोन्ही गुडघे उन्हात धरले. सुजलेले, चकाकणारे गुडघे. दहा मिनिटं तसेच शेकले. मग त्याने उजवा पाय लांब केला, जवळ घेतला, परत लांब केला.

"बारके, बघ. वाकतोय."

"दादा, तुला काही जाणवत नाही?"

"जाणवतंय की. ठणका गेला."

"वास. वास येत नाही?"

"कसला?" त्याने तिच्या समाधानासाठी दोनदा श्वास ओढला. "अगं, माझं नाक कारखान्यातच राहिलं. चाळीस वर्षं कातडी भिजवली. तुझी वहिनी म्हणायची, दूध करपून घर काळं झालं तरी या माणसाला पत्ता नाही. घर छान आहे. मला हेच हवं."

किल्लीबाईचा चेहरा मी तेव्हा पाहिला. ज्या वासाला तिने इतकी वर्षं लपवलं, त्याला आज हात धरून पुढे आणलं होतं, आणि समोरच्याला तो भेटलाच नाही.

तिने दादाला दंडाला धरून उठवलं आणि मागच्या खिडकीशी नेलं.

"खाली बघ."

"काय आहे ते?"

"गटार. सगळ्या वस्तीचं. दिवसातून दोनदा उघडं पडतं. भरती आली की झाकतं. म्हणून मी घरं भरतीला दाखवते. हे घर मी नऊ वर्षांत तीनदा विकलंय, दादा. तीनही वेळा भरतीला. शेवटचा माणूस किल्ली परत द्यायला आला तेव्हा जिन्यात थुंकला. माझ्यासमोर. मी पुसलं."

दादाने काठी टेकून वाकून बघितलं. खाली पक्षी चिखलात काहीतरी ओढत होते.

"तू केलंस ते केलंस," तो म्हणाला. "पण मला तर वास येतच नाही. मग मला काय त्याचं?"

"तुला नाही येणार. तुझ्या कपड्यांना येईल. दुकानदार हातभर लांब उभा राहील, आणि का ते तुला कळणारही नाही."

दादा हसला नाही. "ते मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "चाळीस वर्षं बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी असायची. तुझ्या लग्नात मी शेवटपर्यंत दाराशी उभा होतो तो त्याचसाठी."

"मला वाटलं, तू रागावला होतास."

"नवीन माणसं होती. त्यांनी नाक धरलं असतं तर तुला बघवलं नसतं."

तिने पदराने नाक पुसलं. मग खिडकीच्या चौकटीवरची घाण उगाचच नखाने खरवडली.

"गावचं घर विकू नकोस," ती म्हणाली. "थंडीचे चार महिने माझ्याकडे राहा. समुद्र दिसत नाही, पण मागच्या भिंतीवर अकरापर्यंत ऊन असतं."

"आणि वास?"

"येतो थोडा. माझ्याही कपड्यांना येतो."

"मग आपण शोभू," दादा म्हणाला. त्याने पॅन्टचे पाय खाली केले, कोट नीट केला. "सही नाही करत. कळवून टाकतो त्यांना."

तो एकेक पायरी मोजत जिना उतरू लागला. किल्लीबाई मागे थांबून कुलूप लावत होती. किल्ली अर्ध्यात अडकली होती आणि ती तिला हिसके देत होती. मी रुमाल खिशात ठेवला. सात वर्षं मनात होतं ते तेव्हा बाहेर पडलं.

"बाई, त्या दिवशी मलाही ती खिडकी उघडून दाखवली असतीत तर?"

कुलूप बसलं. तिने जुडगा कमरेला अडकवला आणि दादाच्या मागे जिना उतरता उतरता म्हणाली, "तेव्हा तुम्ही माझे कोण लागत होता?"