कोरे डोळे

पेणच्या एका गणपती कारखान्यात ज्या बाई आखणी करतात, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवतात, त्यांचं नाव मी इतक्या वर्षांत विचारलेलं नाही. माझ्याहून थोड्या मोठ्या आहेत. डोळा काढताना त्या श्वास रोखतात आणि दोन डोळ्यांच्या मधे काय ते बोलून घेतात.

यंदा रोह्यातल्या आमच्या महिला मंडळाची मूर्ती एक पुढारी देणार होते. अट एवढीच, की गणपतीच्या खांद्यावर पक्षाचं चिन्ह असलेलं उपरणं हवं. देवाला प्रचारात ओढणाऱ्यांवर मी रोज टीव्हीसमोर तोंडसुख घेते. पण मंडळाला बैठकीसाठी खोली हवी होती आणि ती तेच देणार होते, म्हणून ऑर्डर मीच देऊन आले.

मूर्ती न्यायला गेले तर उपरणं रंगवलेलं आणि डोळे कोरे.

"याचं डोळं मी नाय काढायची," बाई म्हणाल्या.

"अहो, नुसतं कापड आहे ते."

"मग तूच घे की गो खांद्यावर."

डोळ्यांशिवाय गणपती बसवणार कसा? "बरं, पुसा ते चिन्ह," मी म्हटलं. त्यांनी चिन्हावर पिवळा रंग फिरवला, मग श्वास रोखला.

मी तिथूनच पुढाऱ्यांना फोन लावला. "साहेब, चिन्हाचा रंग दमट हवेत टिकत नाही म्हणतात. पण रोज आरतीनंतर तुमचं नाव घेऊ. खोलीचं तेवढं बघा."

फोन ठेवला तेव्हा बाई ब्रश धूत होत्या.

"झ्याक बोलतेस गो," त्या म्हणाल्या. "येत्या निवडणुकीला तूच उभी ऱ्हा."